थार आली, वडाप चाललं : एका चेहऱ्याची ऐंशी वर्षं

आमच्या तालुक्यात दोन गाड्यांची संख्या सध्या डोळ्यांदेखत बदलतेय. थार वाढतेय आणि वडापची जीप कमी होतेय. लांबून बघितलं तर दोघी एकाच आईच्या लेकी. तोच चौकोनी चेहरा, तेच गोल दिवे, तेच उभ्या फटींचं तोंड, मागं टांगलेली तीच स्टेपनी. जवळ गेलं की फरक कळतो. एकीत एसी आहे, टचस्क्रीन आहे आणि बसायला चौघं. दुसरीत पंधरा-सोळा माणसं, त्यात तीन लेकुरवाळ्या बायका, एक म्हातारा दवाखान्याला निघालेला, आणि टपावर खताची पोती.

कट्ट्यावर पोरांचा वाद चालतो, थार म्हणजे जीपच की नाही? माझ्या मते उत्तर ‘हो’ पण आहे आणि ‘नाही’ पण. आणि हा वाद फक्त गाडीचा नाही. आपल्या गावाकडच्या प्रवासाचं काय होणार, हा त्यातला खरा प्रश्न आहे. त्यासाठी ऐंशी वर्षं मागं जावं लागतं. पोस्ट मोठी झालीय, चहा घेऊन बसा.

तर गोष्ट सुरू होते अमेरिकेत, १९४० साली. युरोपात युद्ध पेटलेलं. अमेरिकी लष्कराला घोडा आणि साइडकारची मोटारसायकल या दोन्हींच्या जागी चालेल अशी हलकी, चारही चाकं ओढणारी गाडी हवी होती. लष्करानं १३५ कारखान्यांना विचारलं. मुदत इतकी कमी होती की जवळपास सगळ्यांनी हात वर केले. पेनसिल्व्हेनियातल्या बटलर गावची बँटम नावाची छोटी कंपनी मात्र पुढं आली. दिवाळखोरीच्या उंबऱ्यावरची कंपनी. तिच्यासाठी कार्ल प्रॉब्स्ट या अभियंत्यानं नकाशे काढले आणि ४९ दिवसांच्या मुदतीत, २३ सप्टेंबर १९४० ला पहिली गाडी लष्कराच्या दारात उभी राहिली.

पुढं काय झालं असेल, हे आपल्याकडच्या छोट्या ठेकेदाराला विचारा, तो न वाचता सांगेल. लष्कर म्हणालं, गाडी चांगली आहे, पण एवढ्या गाड्या बनवायची तुमची ताकद नाही. बँटमचं काम विलीज आणि फोर्ड या मोठ्या कंपन्यांना बघू दिलं गेलं. विलीजचं इंजिन सगळ्यांत दमदार, साठ अश्वशक्तीचं. मुख्य ठेका विलीजला गेला, जोडीला फोर्ड. युद्ध संपेपर्यंत या दोघींनी मिळून सहा लाखांवर जीपा बनवल्या. बँटमच्या वाट्याला तीनेक हजारसुद्धा आल्या नाहीत. तिला पुढं जीपच्या मागं जोडायचे ट्रेलर बनवायचं काम मिळालं. पोराला जन्म दिला तिनं, आणि वाढवल्याचं श्रेय दुसऱ्याला. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं १९४८ मध्ये विलीजला बजावलं की जीप आम्हीच जन्माला घातली, असा दावा जाहिरातीत करायचा नाही. तरीही १९५० मध्ये ‘जीप’ हे नाव ट्रेडमार्क म्हणून विलीजच्याच नावावर लागलं.

आणि तो प्रसिद्ध चेहरा? पत्रा ठोकून केलेली ती उभ्या फटींची जाळी मूळची फोर्डची. सुरुवातीच्या विलीज गाड्यांना वेल्डिंग केलेल्या पट्ट्या होत्या. फोर्डची जाळी स्वस्त आणि हलकी निघाली म्हणून सगळ्याच गाड्यांना तीच लागली. थोडक्यात, अंग बँटमचं, काळीज विलीजचं, चेहरा फोर्डचा. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढं कोर्टात लागणार आहे.

आता मुंबईत येऊ. के. सी. महिंद्रा युद्धाच्या काळात अमेरिकेत भारताच्या पुरवठा मोहिमेचे प्रमुख होते. १९४५ मध्ये त्यांनी, भाऊ जे. सी. महिंद्रा आणि मलिक गुलाम मोहम्मद यांनी मिळून कंपनी काढली. तिचं नाव होतं महिंद्र अँड मोहम्मद. धंदा पोलादाचा. फाळणी झाली, गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री झाले आणि पुढं गव्हर्नर जनरलही. इकडं १९४८ मध्ये कंपनीच्या पाटीवर ‘महिंद्र अँड महिंद्र’ आलं. असं सांगतात की पाटीवरची ‘एम अँड एम’ ही अक्षरं तीच राहिली.

विलीजच्या जीपचे सुटे भाग बोटीनं मुंबईत यायचे आणि माझगावात जोडले जायचे. १९४९ मध्ये माझगावला जोडलेली पहिली जीप बाहेर पडली. १९५४ पासून टप्प्याटप्प्यानं इथंच भाग बनवायला सुरुवात झाली. उंच बोनेटची ती ‘सीजे थ्री बी’ जुन्या फोटोंत तुम्ही बघितली असेल. अमेरिकेत नवं इंजिन आलं, ते उंचीला जास्त होतं, जुन्या बोनेटखाली मावेना. म्हणून बोनेट वर उचललं. बाकी गाडी तीच ठेवली. म्हणजे जुन्या अंगात नवं इंजिन बसवायचा उद्योग जीपमध्ये १९५३ पासूनच चालू आहे.

त्याच काळात स्वतंत्र भारतातला पहिला गाजलेला घोटाळाही जीपचाच निघाला, हे आजच्या पोरांना माहीत नसतं. १९४८ मध्ये काश्मीरची लढाई चालू असताना लंडनमधले आपले उच्चायुक्त व्ही. के. कृष्ण मेनन यांनी लष्करासाठी जीपा घ्यायचा करार केला. सुमारे ८० लाखांचा व्यवहार आणि हातात आल्या १५५ जीपा. संसदेत खूप गदारोळ झाला, आणि १९५५ मध्ये सरकारनं प्रकरण बंद झाल्याचं जाहीर केलं. पुढं १९६५ च्या युद्धात याच जीपनं मान राखला. खेमकरणजवळ असल उत्तर इथं कंपनी क्वार्टरमास्टर हवालदार अब्दुल हमीद यांनी जीपवर बसवलेल्या तोफेनं पाकिस्तानचे पॅटन रणगाडे फोडले आणि तिथंच वीरमरण पत्करलं. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं.

पण गावानं जीप ओळखली ती युद्धातून नव्हे, सरकारी कामातून. २ ऑक्टोबर १९५२ ला सामूहिक विकास कार्यक्रम सुरू झाला आणि गटविकास अधिकारी नावाचा माणूस जीपमधून गावात यायला लागला. १ मे १९६२ ला महाराष्ट्रात जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या आल्या. आरोग्य केंद्रांना युनिसेफकडून जीपा मिळाल्या. हिवतापाची जीप, देवीची लस टोचणाऱ्यांची जीप, कुटुंबनियोजनाची जीप. ती दिसली की काही बाप्ये रानात पळायचे, हे आमच्याकडची म्हातारी माणसं अजून हसत सांगतात. दुष्काळी कामावर हजेरी घ्यायला जीप. निवडणुकीत कर्णा बांधून जीप. मतपेट्या न्यायला जीप. रस्ता नाही, पूल नाही, ओढ्याला पाणी आहे, तरी पोचणारी एकच गाडी. जीप आली म्हणजे सरकार आलं, एवढं साधं समीकरण होतं.

मग डिझेल आलं. पेट्रोलची जीप तेल प्यायची फार, सरकारला परवडायची, खासगी माणसाला नाही. महिंद्रनं तिच्यात आधी ट्रॅक्टरच्या घराण्यातलं डिझेल इंजिन बसवलं. १९७९ मध्ये फ्रान्सच्या पूजो कंपनीशी डिझेल इंजिनांचा करार केला. नाशिक जिल्ह्यातल्या इगतपुरीत इंजिनांचा कारखाना उभा राहिला. पूजोचं इंजिन घेतलेली ‘एमएम ५४०’ ही आमच्या पिढीची जीप. चेहरा १९४० चा, इंजिन फ्रान्सचं, चासी आणि पाटे आपल्या रस्त्यांसाठी जाड केलेले. त्या अर्थानं आपली जीप कधीच ‘अस्सल’ नव्हती. दर दहा-पंधरा वर्षांनी तिचं काळीज बदललं आणि म्हणूनच ती जगली.

डिझेलनं आणखी एक गोष्ट केली. जीप लांब झाली. मागचं अंग वाढवून समोरासमोर दोन लांब बाकं टाकली आणि ती ‘कमांडर’ झाली. जोडीला पुण्याच्या बजाज टेम्पोची ट्रॅक्स. इथून वडापचा जमाना सुरू झाला. पश्चिम महाराष्ट्रात वडाप म्हणतात, दुसरीकडं काळी-पिवळी. कायद्यात याला ‘मॅक्सी कॅब’ असा शब्द आहे, चालक सोडून सहापेक्षा जास्त आणि बारापर्यंत प्रवासी. प्रत्यक्षात किती बसायचे ते तुम्हालाही ठाऊक आहे आणि मलाही. मागं बाकांवर दहा-बारा, फाळक्यावर दोन लोंबकळत, आणि ड्रायव्हरच्या उजव्या हाताला अर्धा बाहेर एक.

मी वडापचं गोडवं गाणार नाही. पत्रकारितेत वीस वर्षं झाली, आणि वडापच्या अपघातांच्या किती बातम्या लिहिल्या याची मोजदाद नाही. ब्रेक फेल, टायर फुटला, घाटात कठडा नव्हता, ही वाक्यं पाठ झालीत. पट्टा नाही, एअरबॅग नाही, आडव्या बाकावरच्या माणसाला धरायला फक्त शेजारच्याचा खांदा. हप्ते कुणाकुणाला जातात हेही उघड गुपित. पण दुसरी बाजूही तेवढीच खरी. एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ ला पुणे-नगर रस्त्यावर धावली, आणि एसटीनं महाराष्ट्र जोडला हे कुणी नाकारत नाही. तरी फाट्यापासून आत चार-पाच किलोमीटरवरच्या वाड्या-वस्त्या जोडल्या त्या वडापनं. बाजाराच्या दिवशी माळव्याची पाटी घेऊन येणारी बाई, दहावीच्या परीक्षेला निघालेली पोरगी, रात्री अकराला कळा सुरू झालेली बाळंतीण, यांच्यासाठी वेळापत्रक नव्हतं, वडाप होतं. २०२१-२२ च्या एसटी संपात जवळपास सहा महिने तालुका कुणाच्या जिवावर चालला, ते विसरू नका.

आता थारकडं येऊ. पहिली थार २०१० मध्ये आली. जुन्या जीपचा चेहरा तसाच, आत मात्र बोलेरोच्या घरातलं अडीच लिटरचं, १०५ अश्वशक्तीचं कॉमन रेल डिझेल. ज्यांना यंत्राची आवड नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. जुन्या डिझेलमध्ये पंप प्रत्येक नोझलला आपल्या चालीनं डिझेल ढकलायचा. कॉमन रेलमध्ये एका जाड नळीत डिझेल सतत प्रचंड दाबाखाली भरलेलं असतं आणि किती थेंब, कोणत्या क्षणी सोडायचे ते संगणक ठरवतो. धूर कमी, ताकद जास्त, आवाज कमी. पुढची चाकं एकमेकींपासून सुटी झाली, एक खड्ड्यात गेलं तर दुसऱ्याला हिसका बसत नाही. मागं मात्र पाटेच.

दुसरी थार २०२० मध्ये आली, १५ ऑगस्टला दाखवली आणि २ ऑक्टोबरला बाजारात. ही बनते नाशिकला. आता पाटेही गेले, चारही चाकांना स्प्रिंग. दोन लिटरचं टर्बो पेट्रोल किंवा २.२ लिटरचं डिझेल, सहा गिअर, हवं तर ऑटोमॅटिक. ग्लोबल एनकॅपच्या धडक चाचणीत चार तारे. माझ्यासारख्या वडापच्या बातम्या लिहिणाऱ्याला ही साधी गोष्ट वाटत नाही. ज्या चेहऱ्याच्या गाडीत माणसं मरताना बघितली, त्याच चेहऱ्याची गाडी माणूस वाचवते, ही प्रगतीच आहे. प्रदूषणाचंही तसंच. २०१० मध्ये मुंबई, पुणे, सोलापूरसह १३ शहरांत बीएस फोर आलं, २०१७ मध्ये देशभर, आणि १ एप्रिल २०२० पासून थेट बीएस सिक्स. जुनी इंजिनं या नियमांत बसणारच नव्हती. ती गेली ते बरंच झालं.

पण एक बारीक गोष्ट फार कमी लोकांच्या लक्षात आली. २०२० ची थार आली तेव्हा तिचं एक स्वस्त मॉडेल होतं, मागं समोरासमोर आडवी बाकं, एकूण सहा माणसं. किंमत ९ लाख ८० हजारांपासून. काही आठवड्यांतच ते मॉडेल यादीतून गेलं. उरली ती समोर तोंड करून बसायची चार आसनं. सुरक्षेच्या दृष्टीनं आडवी बाकं नकोतच, हे मला मान्य आहे. तरी जीपची जी खरी ओळख, मागची बाकं, ती त्या दिवशी गेली. पुढं जानेवारी २०२३ मध्ये फक्त मागच्या दोन चाकांवर चालणारी थारही आली. १९४० मध्ये ज्या एका गोष्टीसाठी ही गाडी जन्माला आली, ती चार चाकांची ओढ, तीही ऐच्छिक झाली. ऐच्छिक राहिला नाही तो फक्त चेहरा. २०२४ मध्ये पाच दरवाजांची रॉक्स आली, तीही पाच जणांचीच.

यात कंपनीचं काही चुकलं असं मी म्हणत नाही. हे जगभर चाललंय. निस्सान कंपनीनं १९९१ मध्ये ‘फिगारो’ नावाची पन्नास सालची वाटावी अशी छोटी गाडी काढली, आत सगळं मायक्रा या साध्या गाडीचं. वीस हजारच बनवल्या. फोक्सवॅगनची जुनी बीटल मागं इंजिन असलेली, हवेनं थंड होणारी, कामगाराला परवडावी म्हणून बनलेली. तिचा चेहरा घेऊन १९९७ मध्ये नवी बीटल आली, ती इंजिन पुढं, पाण्यानं थंड, खाली गोल्फची चासी, आणि ग्राहक शहरातला हौशी. मिनी आणि फियाट ५०० चंही तेच झालं. गरजेची गाडी चाळीस-पन्नास वर्षांनी हौसेची होऊन परत येते. आपल्या पुण्याचा चेतकच बघा. हप्त्यानं घेतलेल्या, नवरा-बायको आणि दोन पोरं बसणाऱ्या मध्यमवर्गीय स्कूटरचं नाव आणि गोलाई घेऊन २०२० मध्ये विजेवरची चेतक आली. लोकांना आठवण विकत घ्यायला आवडते. फक्त आठवणीसोबत तिचं काम परत येतं का, हे कुणी विचारत नाही.

आता कोर्टाची गोष्ट. महिंद्रनं २०१८ मध्ये अमेरिकेत ‘रॉक्सर’ नावाची गाडी काढली. रस्त्यावर न्यायची नाही, शेतात-रानात चालवायची. आत अडीच लिटरचं डिझेल, बाहेरून अगदी जुनी जीप. त्या वेळी जीपचं नाव फियाट क्रायस्लरकडं होतं. विलीजकडून कायझरकडं, कायझरकडून एएमसीकडं, तिथून क्रायस्लरकडं, असं फिरत फिरत आलेलं. त्यांनी तक्रार केली की हा चेहरा आमचा आहे. जून २०२० मध्ये अमेरिकेच्या आंतरराष्ट्रीय व्यापार आयोगानं निकाल दिला की रॉक्सरचं रूप जीपच्या रूपाची नक्कल आहे. महिंद्रला रॉक्सरचा चेहरा बदलावा लागला.

कायद्यानं बरोबर असेल. पण इतिहास बघा. बँटमचं अंग, फोर्डची जाळी, विलीजचं इंजिन. ज्या बँटमनं पहिली गाडी उभी केली तिचं नाव या भांडणात कुठंच नाही. आणि गंमत म्हणजे दोन्ही वारस आज आपल्याच राज्यात आहेत. जीप नावाची कंपास २०१७ पासून पुण्याजवळ रांजणगावला बनते, तिला जुन्या जीपचं नाव आहे. थार नाशिकला बनते, तिला जुन्या जीपचा चेहरा आहे. एकीकडं नाव, दुसरीकडं रूप. वडापचं काम मात्र कुणाच्याच वाटणीत आलं नाही.

म्हणाल, बोलेरो आहे की. आहे. सात जणांची आहे, पोलिसांपासून ठेकेदारापर्यंत सगळे वापरतात, वडापलाही लागलीय. फोर्सची क्रूझरही मिळते. पण नवी गाडी घेतली तर वडापच्या भाड्यात बँकेचा हप्ता निघत नाही, हे आमच्या स्टँडवरचा कुठलाही चालक हिशेब मांडून दाखवतो. मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं. निर्णय चांगला, माझ्या घरच्या बायकाही त्याचा फायदा घेतात. पण जिथं एसटी जाते तिथली वडापची सीट त्यानं कमी झाली, आणि जिथं एसटी जातच नाही तिथं अर्ध्या तिकिटाचा उपयोग शून्य. मुख्य रस्त्यावरच्या कमाईवर आतल्या वस्तीची फेरी परवडायची. आता मुख्य रस्त्यावर सीट भरत नाही, म्हणून आतली फेरी बंद. जुनी जीप पंधरा वर्षांची झाली की फिटनेस, फेरनोंदणी, पर्यावरण कर. १ एप्रिल २०२३ पासून तर पंधरा वर्षांवरच्या सरकारी गाड्या नोंदणीतूनच बाद झाल्या. पंचायत समितीच्या मागच्या आवारात गवतात उभ्या असलेल्या जीपा तुमच्याही तालुक्यात असतील.

आमच्याकडचा एक फिटर, नाव देत नाही, या जुन्या जीपांना नवी इंजिनं बसवण्यात हुशार आहे. भंगारातनं दुसऱ्या गाडीचं टर्बो डिझेल काढायचं, माउंटिंग बदलायचं, गिअर बॉक्स जुळवायचा. पॉवर स्टिअरिंग, डिस्क ब्रेकसुद्धा. गाडी वाऱ्यासारखी पळते. पण कायदा सांगतो की हे चालणार नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ म्हणतं, नोंदणीतल्या मूळ रचनेत बदल करायचा नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तेच ठणकावलं. मालकाला प्रत्येक बदलामागं पाच हजार दंड, सहा महिन्यांपर्यंत कैदही होऊ शकते. नियम का आहे ते मला समजतं. दुप्पट ताकदीचं इंजिन जुन्या चासीवर टाकलं आणि ब्रेक जुनेच राहिले तर घाटात काय होईल, हे सांगायला अभियंता लागत नाही. कारखाना नवं इंजिन बसवतो तेव्हा गाडी आपटून बघतो, धूर मोजतो, चासी नवी करतो. फिटरकडं त्यातलं काहीच नाही. फक्त एवढंच वाटतं, की या पोराच्या हातात कला आहे, तिला कायदेशीर वाट नाही, आणि तालुक्याला गाडी हवी आहे. तिन्ही गोष्टी एकाच गावात आहेत आणि तिन्हींची एकमेकींशी गाठ पडत नाही.

मग करायचं काय? माझ्यापुरतं मला तीन गोष्टी दिसतात. पहिली, आतल्या वाड्या-वस्त्यांसाठी एसटीच्या छोट्या गाड्या. चाळीस आसनांची बस वळत नाही अशा रस्त्यावर बारा-पंधरा आसनांची गाडी वळते. दुसरी, वडापला गुन्हा म्हणून वागवायचं बंद करून परवाना द्या आणि त्या बदल्यात पट्टा, विमा, आसनांची मर्यादा सक्तीनं पाळून घ्या. नाव कायद्यात आधीच आहे, मॅक्सी कॅब. तिसरी, नवी सुरक्षित गाडी घेणाऱ्या वडापवाल्याला कर्जात सवलत. ट्रॅक्टरला मिळते, ठिबकला मिळते, माणसं वाहणाऱ्याला का नाही? पुढच्या महिन्यांत कुणी मत मागायला आलं तर हे तीन प्रश्न विचारून बघा. येणारा बहुतेक थारमधूनच येईल.

थार घेणाऱ्या पोरांवर माझा राग नाही. स्वतःच्या कष्टाच्या पैशानं घेतली असेल तर मिरवा. पण ज्या चेहऱ्यासाठी दहा-बारा लाख मोजले, त्या चेहऱ्यानं या तालुक्यात काय काय वाहिलंय ते माहीत असू द्या. लस वाहिली, मतपेट्या वाहिल्या, बाळंतिणी वाहिल्या, मयतं वाहिली. कारखान्यानं त्या चेहऱ्यामागं नवं, स्वच्छ, सुरक्षित यंत्र बसवून दाखवलं. म्हणजे ते जमतं. चौघांसाठी जमलं, तर बारा जणांसाठी का जमू नये, हा प्रश्न कंपनीपेक्षा आपल्या सरकारला आणि आपल्यालाच आहे.

तुमच्या वस्तीला जाणारी शेवटची वडाप कधी बंद झाली? आता लोक कसे जातात? गावाचं नाव, फाट्यापासूनचं अंतर आणि एसटी येते की नाही, एवढं कमेंटमध्ये लिहा. सगळं एकत्र करून यादी बनवतो आणि आगारात आणि तहसीलला देतो. जुन्या जीपचे फोटो असतील तर तेही टाका.